प्रस्तावना : पोटावरची शस्त्रक्रिया, साखरेवरचा इलाज

लठ्ठपणावर ऑपरेशन करतात म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना वाटते, चरबी काढून टाकत असतील. नळी लावायची, मेद ओढून घ्यायचा आणि माणूस बारीक होऊन घरी. ती लायपोसक्शन. तिचा संबंध शरीराच्या घाटाशी आहे, आजाराशी नाही. 2004 साली अमेरिकेत काही लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सुमारे दहा किलो चरबी अशी काढून पाहिली. त्यांच्या शरीरातल्या इन्सुलिनच्या कामात काडीचाही फरक पडला नाही. हे पुस्तक ज्या शस्त्रक्रियेबद्दल आहे ती चरबीला हातही लावत नाही. ती जठर आणि लहान आतड्याची रचना बदलते. चरबी त्यानंतर वर्ष-दीड वर्षात उतरत जाते, आणि साखर अनेकदा तिच्याही आधी. डॉक्टर तिला बेरिॲट्रिक सर्जरी म्हणतात. अलीकडे मेटाबोलिक, म्हणजे चयापचयाची, शस्त्रक्रिया असेही म्हणू लागले आहेत.

दुसरा समज याहून चिवट आहे. "तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती," हे वाक्य रुग्णाला घरातून, ऑफिसातून, कधी दवाखान्यातूनही ऐकावे लागते. अँजिओप्लास्टी करून आलेल्या माणसाला असे कोणी सुनावत नाही. त्याला लोक शहाळे घेऊन भेटायला जातात. लठ्ठपणावर ऑपरेशन केलेला माणूस मात्र बहुधा हर्नियाचे झाले म्हणून सांगतो.

मी सर्जन नाही. मधुमेहाचे रुग्ण पाहणारा फिजिशियन आहे, आणि कोणी ऑपरेशन केले वा न केले तरी माझ्या खिशात फरक पडत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. या विषयावर मराठीत आजवर जे छापून आले त्यात जाहिरातीचा वास फार. प्रस्तुत पुस्तकाला तो नाही, म्हणून ही प्रस्तावना आनंदाने लिहीत आहे.

या विद्येची सुरुवात अभिमानाने सांगावी अशी नाही. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सर्जनांनी आतड्याचा मोठा हिस्सा वाटेतून बाजूला काढण्याचा प्रयोग केला. लहान आतडे सहा-सात मीटर लांब असते. त्यापैकी जेमतेम अर्धा मीटर वापरात ठेवायचे, बाकीचे पोटातच राहू द्यायचे पण अन्न त्यातून जाऊ द्यायचे नाही. खाल्लेले अंगी लागत नसे, त्यामुळे वजन झपाट्याने उतरे. त्याबरोबर न थांबणारे जुलाब, मूतखडे, सांधेदुखी येई आणि काही जणांचे यकृत निकामी होई. पुढे अनेकांची ही जोडणी पुन्हा ऑपरेशन करून सोडवावी लागली आणि ही पद्धत बंद पडली. 1970च्या दशकात तर काही ठिकाणी रुग्णांचे जबडे तारेने बांधून ठेवत. तार काढली की वजन परत. सर्जनांबद्दल लोकांच्या मनात जी भीती बसली तिला हा इतिहास कारण आहे, आणि ती भीती तेव्हा रास्त होती.

वेगळी वाट सापडली ती निरीक्षणातून. आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन अल्सरसाठी जठराचा बराचसा भाग काढलेले रुग्ण पाहत होते. या रुग्णांचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन वाढवायचे म्हटले तरी वाढत नसे. हा दोष उपयोगी पडेल हे मेसन यांनी ओळखले आणि 1966 मध्ये पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. जठराचा वरचा छोटासा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडायचा, ही तिची मूळ कल्पना. सुरुवातीच्या जोडणीत पित्त उलटे जठरात येई. 1977 पासून त्या जागी स्विस सर्जन सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाणारी, इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची जुनी जोडणी आली आणि बायपासला आजचे रूप मिळाले.

पुढे दोन घराणी झाली म्हणा ना. एकाचे म्हणणे, खाण्याची जागा कमी करा; दुसऱ्याचे, पचनाची वाट आखूड करा. पहिल्यात मेसन यांचीच 1980ची जठर बांधण्याची पद्धत आणि ल्युबोमीर कुझमॅक यांनी 1986 मध्ये आणलेला, हवा तसा सैल-घट्ट करता येणारा सिलिकॉनचा पट्टा येतो. दुसऱ्याचे अध्वर्यू जिनोआचे निकोला स्कोपिनारो. त्यांची 1970च्या दशकातली पद्धत वजन सर्वांत जास्त उतरवते आणि कुपोषणाचा धोकाही सर्वांत जास्त तिच्यातच. पट्ट्याचा एक काळ फार बोलबाला होता, कारण त्यात काही कापायचे नव्हते. पण पट्टा घसरे, जठरात रुते, आणि वजन पुरेसे उतरत नसे. आज तो घालण्यापेक्षा काढण्याचीच ऑपरेशने अधिक ऐकू येतात.

1993-94 मध्ये सॅन दिएगोच्या विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी बायपास दुर्बिणीतून केली. वीतभर चिरेची जागा पाच छिद्रांनी घेतली. जखम पिकण्याचे, हर्नियाचे प्रमाण घटले आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागला. या शस्त्रक्रियेचा जगभर जो प्रसार झाला तो याच बळावर. रॉबर्ट रटलेज यांची 1997ची एकाच जोडाची सुटसुटीत बायपास, जिला मिनी बायपास म्हणतात, तीही याच लाटेतली. भारतात ती बरीच होते.

आज जगात सर्वाधिक होणारी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी मात्र जवळजवळ योगायोगाने जन्मली. अतिशय वजनदार रुग्णांना लांबलचक ऑपरेशन झेपत नाही, म्हणून 2000च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅन्ये यांनी ते दोन टप्प्यांत करायचे ठरवले. पहिल्या टप्प्यात फक्त जठर अरुंद करायचे, वजन थोडे उतरले की दुसऱ्या टप्प्यात आतडे. पण काही रुग्णांचे वजन पहिल्याच टप्प्यात इतके उतरले की दुसऱ्याची गरज उरली नाही.

ही स्लीव्ह प्रत्यक्षात कशी होते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते तंबूसारखे वर उचलतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. भूलतज्ज्ञ तोंडावाटे एक जाड नळी जठरात सरकवतो. किती जठर राखायचे त्याचे ते माप. सर्जन आधी जठराच्या डाव्या कडेचा मेदाचा पडदा रक्तवाहिन्यांसह सोडवून घेतो, मग नळीच्या कडेकडेने स्टेपलर लावतो. हे यंत्र एका दाबात दोन्ही बाजूंना टायटेनियमच्या बारीक पिनांच्या तिहेरी रांगा मारते आणि त्यांच्या मधून कापते. दर वेळी सर्जन काही सेकंद नुसता दाबून धरतो. जठराची भिंत जाड, तिच्यातले पाणी सरून ती चपटी झाली की पिना नीट बसतात. असे पाच-सहा वेळा. अन्ननलिकेजवळच्या वरच्या कोपऱ्याशी हात सर्वांत हळू चालतो, कारण नंतर गळती झालीच तर बहुधा तिथूनच होते. शेवटी जठराचा तीन चतुर्थांश भाग एका छिद्रातून ओढून बाहेर काढतात. आत उरते ती शंभर-दीडशे मिलिलिटरची अरुंद नळी. सारे काम दीड-दोन तासांचे.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. 1995 साली अमेरिकेतल्या ग्रीनव्हिल गावच्या वॉल्टर पोरीस यांनी चौदा वर्षांतल्या 608 बायपास रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांपैकी 146 जणांना मधुमेह होता, आणि त्यातल्या 121 जणांची साखर औषधांशिवाय सामान्य झाली होती. लेखाचे शीर्षकच ‘कोणाला वाटले होते?’ अशा अर्थाचे. मधुमेह हा चढत जाणारा, आयुष्यभराचा आजार असे आम्हाला शिकवले होते. त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की साखर काही दिवसांत उतरे. वजन तर अजून फारसे हललेलेही नसे.

वजन घटले म्हणून मधुमेह सुधारला, हे सोपे उत्तर त्यामुळे अपुरे ठरले. 2004 मध्ये फ्रान्सेस्को रुबिनो यांनी लठ्ठ नसलेल्या मधुमेही उंदरांवर आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळणारे ऑपरेशन केले. वजनात फरक न पडता त्यांची साखर सुधारली. आतडे ही नुसती अन्नाची मोरी नसून एक मोठी ग्रंथीही आहे, हे तोवर कळू लागले होते. 1999 मध्ये जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक शोधले. ते मुख्यतः जठराच्या त्याच भागात तयार होते जो स्लीव्हमध्ये काढला जातो. बायपासनंतर अन्न खालच्या आतड्यात लवकर पोचते आणि जीएलपी-1 या संप्रेरकाचा पूर येतो. ते इन्सुलिन वाढवते आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणून कळवते. पित्ताम्ले बदलतात, आतड्यातले जंतू बदलतात. गंमत अशी, की स्लीव्हमध्ये आतड्याला हात न लावताही जीएलपी-1 वाढते, त्यामुळे जागा कमी करणे आणि वाट आखूड करणे ही जुनी घराण्यांची वाटणी पुस्तकात उरली, शरीरात राहिली नाही. रुग्ण कमी खातो तो पोट लहान झाले म्हणून, हे अर्धेच खरे. त्याला भूकच वेगळी लागते.

फायद्याचा पुरावा किती पक्का? सर्वांत दीर्घ अभ्यास स्वीडनचा. 1987 मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात 2010 जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांच्याशी मिळतेजुळते 2037 जण नेहमीच्या उपचारांवर होते. शस्त्रक्रिया झालेल्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि स्त्रियांमधला कर्करोग कमी आढळला. 2020 मध्ये आलेल्या आकड्यांनुसार त्यांचे आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक होते. तरीही ते सर्वसामान्य लोकांपेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. मधुमेहाचेही तसेच: दोन वर्षांनी 72 टक्के रुग्ण मधुमेहमुक्त होते, दहा वर्षांनी 36 टक्के. पहिला आकडा जाहिरातीत येतो, दुसरा येत नाही.

स्वीडनमध्ये गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, असा आक्षेप घेता येतो. त्याला उत्तर क्लीव्हलँड क्लिनिकच्या फिलिप शॉअर यांच्या चाचणीने दिले. 150 मधुमेही, चिठ्ठ्या टाकून तीन गट. पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, 6 टक्के किंवा त्याखाली आलेले रुग्ण निव्वळ औषधांच्या गटात 5 टक्के, स्लीव्हच्या गटात 23 आणि बायपासच्या गटात 29 टक्के. मधुमेहावर मी जी औषधे लिहितो त्यांची बाजू या तक्त्यात लंगडी दिसते, आणि ती तशी आहे. याखेरीज झोपेत श्वास अडकणे, यकृतातील मेद, गुडघेदुखी, पाळीच्या तक्रारी, खोकताना लघवी सुटणे (ही तक्रार बायका स्वतःहून सांगत नाहीत, विचारावी लागते) या सगळ्यांत सुधारणा होते. ऑपरेशनचा जीवघेणा धोका, सरावलेल्या हातांत, हजारात एक-दोनच्या आसपास.

मग हे ऑपरेशन कोणासाठी? 1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने रेषा आखली: बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 40च्या वर, किंवा सोबत गंभीर आजार असेल तर 35च्या वर. ही रेषा गोऱ्या शरीरांवर बेतलेली होती. आपली गोष्ट वेगळी आहे हे दाखवून दिले पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एकच, 22.3. शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा 9.1 टक्के आणि याज्ञिक यांचा 21.2. दिसायला बारीक, आतून मेदस्वी, हा आपला घाट. म्हणून 2016च्या आंतरराष्ट्रीय निवेदनात आशियाई लोकांसाठी ही रेषा अडीच अंकांनी खाली आणली गेली, आणि 2022च्या मार्गदर्शक सूचनांनी 27.5 हा आकडा त्यांच्यासाठी नेमून दिला.

160 सेंटिमीटर उंचीच्या बाईचा हिशेब करा. 27.5 म्हणजे साधारण 70 किलो, 35 म्हणजे 90, आणि 40 म्हणजे 102. सत्तर किलोच्या बाईला आपल्याकडे कोणी आजारी म्हणत नाही, ‘खात्यापित्या घरची’ म्हणतात. सत्तर किलो भरले की ऑपरेशन, असे मी म्हणत नाही; पण तिची साखर औषधांना दाद देत नसेल तर हा पर्याय तिच्यासमोर मांडायला हवा. विमा नियामकाचे नियम मात्र 40 आणि 35 वरच थांबलेले आहेत. अनियंत्रित मधुमेह असला तरी 35च्या खाली खर्च नाकारण्याची मुभा विमा कंपनीला आहे. ज्या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर चौथी स्त्री वजनदार निघाली, तिथे हा नियम दुरुस्त व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अलीकडे नवी इंजेक्शने आली. जीएलपी-1ची नक्कल करणाऱ्या सेमाग्लुटाइडने सुमारे 15 टक्के, तर टिर्झेपेटाइडने मोठ्या मात्रेत सुमारे 20 टक्के वजन उतरते; 2025 मध्ये दोन्ही वजनासाठी म्हणून भारतात दाखल झाली. आता सुरी कशाला, असे लोक विचारतात. प्रश्न वाजवी आहे. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले, हेही चाचणीतच दिसले. शस्त्रक्रियेने उतरणारे वजन अधिक असते आणि बायपासचे दहा वर्षांनीही 25 टक्क्यांच्या आसपास टिकलेले दिसते. माझ्या मते हे भांडण नाही. काहींना औषध पुरेल, काहींना ऑपरेशन लागेल, आणि ऑपरेशननंतर वजन वाढू लागलेल्यांना दोन्ही.

किंमत रुपयांत मोजून भागत नाही. पहिले दिवस औषधाच्या बाटलीवरच्या मापाने पाणी प्यायचे. तीस मिलिलिटर, तेही घोट घोट. मग गाळलेले वरणाचे पाणी, ताक, पेज, पुढे खिमट भात. त्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने लागतात आणि पातळ वरणाच्या दोन वाट्यांत ती जेमतेम दहा-बारा ग्रॅम. शाकाहारी घरात हा हिशेब जुळवताना नाकी नऊ येतात. बी-12 आपल्याकडे आधीच कमी. ऑपरेशननंतर ते, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते. सतत उलट्या होत असताना बी-1 दिले गेले नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बायपास झालेल्याने लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या खाल्ल्या तर अर्ध्या तासात घाम, धडधड आणि पोटात कळा. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ कायमची मागे लागते. दारू लवकर चढते. केस गळतात, बहुधा परत येतात. गर्भधारणा वर्ष-दीड वर्ष लांबवावी लागते.

आणि मन. अमेरिकेतल्या युटा राज्यातला 2007चा मोठा अभ्यास नेहमी उद्धृत होतो, कारण शस्त्रक्रिया झालेल्यांत मधुमेहाने होणारे मृत्यू 92 टक्क्यांनी घटले होते. त्याच अभ्यासात अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्तच्या कारणांनी झालेले मृत्यू 58 टक्क्यांनी अधिक होते. खाणे हाच ज्याचा विसावा होता त्याचा तो विसावा एका सकाळी काढून घेतला जातो. त्याच्याशी बोलायला कोणी हवे. आपल्याकडच्या किती केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ कागदाबाहेरही असतो, हे ज्याने त्याने पाहावे.

या साऱ्याचा प्रसारमाध्यमांतला चेहरा मात्र ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या दोन फोटोंचा. 2017 मध्ये इजिप्तची एक तरुणी, वजन 500 किलोच्या आसपास, खास विमानाने मुंबईत आणली गेली. वाहिन्यांनी दिवसरात्र किलो मोजले. ऑपरेशन झाले, वजन उतरले, नातेवाईक आणि रुग्णालय यांच्यात वाद झाला, आणि त्याच वर्षी अबू धाबीत तिचा मृत्यू झाला. तिला हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि जुन्या पक्षाघाताचे आजार होते, हे त्या किलोंच्या गलबल्यात फार थोड्यांपर्यंत पोचले.

प्रस्तुत पुस्तक हा गलबला बाजूला ठेवते. लेखकांमध्ये सर्जन आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, भूलतज्ज्ञ आहेत, आणि ऑपरेशन करून दहा वर्षे उलटलेले रुग्णही. काही जागी त्यांचे एकमेकांशी पटत नाही, विशेषतः स्लीव्ह बरी की बायपास यावर. संपादकांनी तो मतभेद झाकलेला नाही. आहाराचा विभाग ज्वारी, नाचणी, कडधान्ये, अंडी, मासे यांच्या भाषेत आहे, परदेशी पुस्तकातल्या तक्त्यांच्या नाही. लहान मुलांवरील शस्त्रक्रियेला फारच थोडी जागा मिळाली आहे, ती पुढच्या आवृत्तीत वाढावी.

वाचकांना एवढीच विनंती. ऑपरेशनचा विचार असेल तर सर्जनला भेटताना ‘किती किलो उतरेल’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडे ऑपरेशन झालेले किती रुग्ण आजही तपासणीला येतात, त्यांचे बी-12 आणि लोह कोण पाहते, आणि रात्री दोन वाजता उलट्या थांबेनाशा झाल्या तर फोन कोण उचलते. उत्तर गोलमाल आले तर दुसरे केंद्र गाठा.